बंद व्हॅन, चालू सल्ले

गाडी चालू असते तोवर ती एकाच्या मालकीची असते. बंद पडली की सार्वजनिक होते. चालत्या गाडीकडे सोसायटीतलं कुणी ढुंकूनही बघत नाही. पण सेल्फची घरघर दोनदा लागोपाठ ऐकू आली की पहिल्या मजल्यावरची खिडकी उघडते. आणखी एकदा ऐकू आली की बनियनवरची माणसं जिना उतरतात, आणि पुढच्या घरघरीपर्यंत गाडीभोवती एक समिती स्थापन झालेली असते. या समितीला निवडणूक लागत नाही, कोरम लागत नाही, आणि गाडीतलं काही कळलं पाहिजे अशी अट तर मुळीच नसते.

नव्या गाडीपाशी या समितीचं फारसं चालत नाही. बॉनेट उघडलं तर आत काळ्या प्लॅस्टिकचं मोठं झाकण दिसतं, त्याखाली काय आहे ते मालकालाही ठाऊक नसतं, आणि थोड्या वेळात कंपनीची माणसं येऊन गाडी उचलून नेतात. समिती हळहळत घरी जाते. खरा बहर येतो तो जुनी व्हॅन बंद पडल्यावर. ती ना धड कार्ब्युरेटरच्या जमान्यातली, ना धड आजची. तिच्यात कॉम्प्युटर आहे, सेन्सर आहेत, पण त्यांच्या वायरी उंदरांनाही पाठ आहेत. त्यामुळे ज्याने ऐन तारुण्यात फियाट चालवली तोही तिच्याबद्दल अधिकारवाणीने बोलतो, आणि ज्याने कालच मोबाइलवर अ‍ॅप घेतलं तोही.

आपल्याकडे व्हॅन म्हटलं की डोळ्यांपुढे एकच चौकोनी आकृती येते. 1984 साली 'मारुती व्हॅन' या सरळसाध्या नावाने ती रस्त्यावर आली, 1988 मध्ये तिची 'ओम्नी' झाली आणि 2019 मध्ये नव्या सुरक्षा-नियमांपुढे हात टेकून तिचं उत्पादन थांबलं. जवळजवळ 35 वर्षं तोच चेहरा आणि तेच 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. तिने शाळेतली मुलं नेली, पेशंट नेले, रुखवताची ताटं नेली, मंडईतली मेथी नेली. हिंदी चित्रपटातल्या गुंडांनी तिचा सरकता दरवाजा ओढून किती नायिका पळवल्या त्याची गणती नाही. मी पाहिलेल्या एकाही चित्रपटात मात्र गुंडांना खाली उतरून धक्का मारावा लागलेला नाही. हिंदी चित्रपट वास्तवापासून किती लांब असतो, याचा याहून मोठा पुरावा मला तरी माहीत नाही.

या जातीच्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. इतर गाड्यांत मिस्त्री बॉनेटमध्ये डोकं घालतो आणि मालक स्टिअरिंगमागे ऐटीत बसून राहतो. इथे मिस्त्रीचं पहिलंच वाक्य असतं, "साहेब, जरा उतरा." मालक पदच्युत झाल्याशिवाय तपासणी सुरूच होत नाही. उन्हाळ्यात इंजिन किती तापलं हे कळायला काट्याकडे बघावंही लागत नाही. ते बसणाऱ्याला थेट कळतं. त्या अर्थाने व्हॅनचा मालक हा स्वतःच एक सेन्सर असतो. फक्त त्याची वायर कॉम्प्युटरपर्यंत गेलेली नसते.

आमच्या सोसायटीतल्या नानांची व्हॅन याच घराण्यातली, 2013 ची, भारत-4 या प्रदूषण-नियमांच्या काळातली. 2028 मध्ये तिला 15 वर्षं होतील आणि नोंदणी पुढे चालवायला 5000 रुपये भरावे लागतील, याची तरतूद नानांनी आत्तापासून वेगळी काढून ठेवली आहे. नाना बँकेतून निवृत्त झाले आहेत. पैसे आणि व्हॅन या दोनच गोष्टी ते कुणाच्या हातात देत नाहीत.

महिन्यातून एक-दोनदा नाना आणि काकू पुण्याहून वाईला जातात. कात्रजचा बोगदा, शिरवळ, मग खंबाटकीचा चढ, आणि सुरूर फाट्यावर चहा. सकाळी सोसायटीतून निघताना व्हॅन किल्ली फिरवताक्षणी चालू होते. घाटही चढते. सुरूरला चहा पिऊन नाना परत गादीवर बसले की नाटक सुरू. सेल्फ जोरात फिरतो, इंजिन फिरतं, पेट्रोलचा भपकारा येतो, पण इंजिन काही पेट घेत नाही. मग अर्धा-पाऊण तास जातो. नाना चिडतात, काकू शेंगा सोलत बसतात, आणि कुणी काहीही न करता व्हॅन चालू होते. जोडीला मागून काळा धूर, उतरलेलं अ‍ॅव्हरेज आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा. या दिव्याला गॅरेजात 'चेक लाइट' म्हणतात आणि घरात 'तो पिवळा'.

खरं पाहता पेट्रोलचं इंजिन चालू व्हायला तीनच गोष्टी लागतात. त्याला कुणीतरी गरागरा फिरवलं पाहिजे, वेळेवर ठिणगी पडली पाहिजे आणि पेट्रोल-हवेचं मिश्रण बेताचं हवं. फिरवण्याचं काम पूर्वी माणूस करत असे. गाडीच्या नाकात हँडल घालून ते फिरवायचं, आणि इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट धरून बसायचं. 1912 मध्ये अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी कॅडिलॅक गाडीला विजेचा स्टार्टर बसवून दिला. हाडवैद्यांचा एक धंदा बसला आणि वायरमनचा उभा राहिला. सांगायचा मुद्दा, नानांच्या व्हॅनचा सेल्फ दणदणीत फिरत होता. म्हणजे बॅटरीत दम होता आणि सेल्फही ठणठणीत होता. तीनांतला एक प्रश्न तिथेच सुटला होता.

समितीला मात्र सुटलेले प्रश्न आवडत नाहीत. पहिलं निदान वॉचमनचं. "बॅटरी उतरली असेल." वॉचमन हे कुठल्याही गाडीबद्दल म्हणतो, लिफ्टबद्दलही म्हणतो. नानांची बॅटरी जुनी झालीच होती, म्हणून ती बदलली. सुरूरला व्हॅन नव्या बॅटरीवर, पूर्वीपेक्षा जोरात, बंदच राहिली.

दुसरे सदस्य तिसऱ्या मजल्यावरचे आप्पा. त्यांच्याकडे एके काळी प्रीमियर पद्मिनी होती आणि तिच्याबद्दल ते अजूनही विधुर झाल्याच्या स्वरात बोलतात. त्यांचं निदान: व्हेपर लॉक. उन्हाने पेट्रोलची वाफ होते, पंपात अडकते, पेट्रोल पुढे सरकत नाही. त्या जमान्यात हे अगदी खरं होतं. पंप इंजिनाला चिकटून असायचा, त्यावर ओलं फडकं टाकलं की गाडी शहाण्यासारखी चालू व्हायची. आप्पा ओलं फडकं घेऊन खाली आले आणि नानांना उठवून सीटखाली पंप शोधू लागले. या व्हॅनचा पंप विजेचा आहे आणि तो मागे पेट्रोलच्या टाकीत बुडालेला आहे, हे त्यांना कुणीतरी भीतभीत सांगितलं. आप्पांनी थोडा वेळ विचार केला आणि फडकं हाती आलंच आहे म्हणून काच पुसली.

तिसरे सदस्य वीज मंडळातून निवृत्त झालेले भाऊसाहेब. त्यांचं निदान गेली कित्येक वर्षं एकच आहे: अर्थिंग. टीव्हीला मुंग्या आल्या, अर्थिंग. गीझरचं पाणी तापत नाही, अर्थिंग. वरच्या मजल्यावरच्या सुनेचं सासूशी पटत नव्हतं, तेव्हाही त्यांनी "मुळात अर्थिंग बघा" असं पुटपुटल्याचं लोक सांगतात. त्यांच्या आग्रहाखातर बॅटरीची काळी वायर बॉडीला जिथे बोल्टने आवळलेली असते तो भाग पॉलिश पेपरने चकचकीत घासून झाला. ते काम वाईट नव्हतं. गंजलेल्या बोल्टमुळे भल्याभल्या गाड्या अडतात. पण नानांची व्हॅन त्यातली नव्हती.

चौथा माणूस समितीचा सदस्य नव्हता, कारण त्याला वेळ नव्हता. शाळेची व्हॅन चालवणारे काका. मुलांना उतरवून परत निघताना त्यांनी खिडकीतूनच सांगितलं, "नाना, गरम असताना नाही झाली चालू, तर अ‍ॅक्सिलरेटर तळाला दाबून धरा. पंप करायचा नाही. दाबूनच धरायचा. आणि सेल्फ मारा." पुढच्या खेपेला सुरूरला नानांनी तसं केलं, आणि व्हॅन चालू झाली. मागून इतका काळा धूर आला की चहावाल्याने कपांवर वर्तमानपत्र पसरलं.

आता यात खरी बातमी दडली होती. बऱ्याचशा एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने इंजेक्टरमधून पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनांत, सेल्फ फिरत असताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला दिसला की कॉम्प्युटर समजतो, आत पेट्रोल तुंबलंय, आणि इंजेक्टर बंद ठेवतो. नुसती हवा फिरते, तुंबलेलं पेट्रोल निघून जातं आणि ठिणगीला वाट मिळते. म्हणजे व्हॅनला पेट्रोल कमी पडत नव्हतं, ते उतू जात होतं. दोन प्रश्न एका पायाखाली सुटले. पण नानांनी त्याचा पुरावा केला नाही, मंत्र केला. ते प्रत्येक चहानंतर मंत्र म्हणू लागले.

अशा अवस्थेत नानांचा भाचा आला. तो हिंजवडीत कुठल्याशा कंपनीत कोड लिहितो, त्यामुळे जगातले सगळे कोड आपल्या अखत्यारीत येतात अशी त्याची समजूत आहे. त्याने खिशातून काड्यापेटीएवढं यंत्र काढलं, डॅशबोर्डखाली हात घालून 16 पिनांचा सॉकेट शोधला, यंत्र त्यात खोचलं आणि मोबाइलवर अ‍ॅप उघडलं. अमेरिकेत 1996 पासून सगळ्या नव्या मोटारींना हा सॉकेट सक्तीचा झाला, आणि आपल्याकडे तो भारत-4 बरोबर रुळला. त्यामागची कल्पना अशी की गाडीने आपला आजार स्वतः सांगावा. गाडी सांगते. ऐकणाऱ्याने मात्र ऐकायचं ते ऐकलेलं असतं.

"मामा, पी-शून्य-एकशे बहात्तर."

"म्हणजे काय रे?"

"सिस्टिम टू रिच."

"श्रीमंत?" नाना चमकले. "बॅटरीचे हप्ते अजून चालू आहेत."

"म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय. अ‍ॅप म्हणतंय, संभाव्य कारण नंबर एक, ऑक्सिजन सेन्सर."

हा ऑक्सिजन सेन्सर एक्झॉस्टच्या पाइपात, धगीत बसलेला असतो. बॉश कंपनीने तो तयार केला आणि 1976 मध्ये व्होल्वो गाडीत तो पहिल्यांदा रस्त्यावर आला. बाहेर पडणाऱ्या धुरात प्राणवायू किती उरला हे हुंगायचं आणि ते कॉम्प्युटरला कळवायचं, एवढंच त्याचं काम. एक भाग पेट्रोलला वजनाने 14.7 भाग हवा हे आदर्श प्रमाण. पेट्रोल जास्त झालं की तो 0.9 व्होल्टच्या आसपास बोलतो, कमी झालं की 0.1 च्या आसपास. नानांच्या व्हॅनमधला सेन्सर सतत 0.9 वर होता. म्हणजे तो ओरडून सांगत होता, "पेट्रोल जास्त येतंय हो!" आणि भाच्याने त्याला काढून टाकला.

मला या गोष्टीचं फार नवल वाटतं. सेन्सर हा साक्षीदार. गुन्हा घडताना तो तिथे हजर होता आणि पाहिलं ते त्याने सांगितलं. कोड म्हणजे त्याची जबानी, निकाल नव्हे. पण आपल्या गल्लीतल्या न्यायालयात जबानी संपली की लगेच फाशी, आणि तीही साक्षीदाराला. त्याच्या जागी नवा साक्षीदार आणून बसवतात. तो बिचारा दोन दिवस आजूबाजूला बघतो आणि जुन्याने सांगितलं तेच सांगतो. मग म्हणायचं, "हल्ली पार्टच चांगले येत नाहीत."

इथेही तेच झालं. नवा ऑक्सिजन सेन्सर बसला, भाच्याने मोबाइलवर एक बटण दाबून कोड पुसला, पिवळा दिवा विझला. "झालं मामा." दिवा विझला म्हणजे आजार गेला, अशी नानांचीही खात्री झाली. पण कॉम्प्युटर अशा बाबतीत एका फेरीत कुणावर आरोप करत नाही. दुसऱ्या फेरीतही तीच लक्षणं दिसली की मगच दिवा लावतो. त्यामुळे वाईला जाताना दिवा बंद राहिला आणि परतताना खंबाटकीच्या बोगद्यात, जिथे अंधारात तो सगळ्यात ठळक दिसतो, तिथेच लागला. काकू म्हणाल्या, "तो पिवळा आला."

त्यानंतरच्या काळात प्लग बदलले, इंजेक्टर साफ झाला, थ्रॉटल बॉडी धुतली, कुणीतरी पेट्रोलमध्ये भेसळ असल्याचं सांगितलं म्हणून पंप बदलला. टाकीतला नव्हे, भरायचा. नाना आता दोन किलोमीटर लांबच्या पंपावर जाऊ लागले. दर वेळी सुधारणा झाल्याचं सगळ्यांना वाटे, कारण चाचणी सोसायटीच्या आवारात, थंड इंजिनावर होई. थंड असताना व्हॅन आधीपासूनच उत्तम चालू होत होती. जो आजार नव्हता तो बरा करण्यात समितीला शंभर टक्के यश येत होतं.

शेवटी धायरी फाट्याजवळच्या एका मिस्त्रींकडे व्हॅन गेली. कडुलिंबाखाली दोन पत्रे, एक जुना बाकडा, टेबलाला एक ड्रॉवर. बरोबर नाना, काकू, भाचा, आणि "मी इकडेच निघालो होतो" म्हणत आलेले भाऊसाहेब. आणि मीही, कारण समितीचा कितीही उपहास केला तरी तिची बैठक चुकवणं माणसाला जमत नाही.

नानांनी कुठले कुठले पार्ट बदलले त्याची यादी वाचायला घेतली. बँकेतला माणूस, तारखेसकट, रकमेसकट. मिस्त्रींनी हात वर केला.

"नाना, काय काय बदललं ते राहू द्या. कधी बंद पडते ते सांगा."

शांतता पसरली. इतके दिवस हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. कोणता पार्ट गेला हे सगळे सांगत होते. कधी, हे कुणालाच नको होतं.

"चहा झाल्यावर," काकू म्हणाल्या.

नानांनी कपाळाला हात लावला. "अगं, ते गाडीचं विचारतायत."

"गाडीचंच सांगते." काकूंनी पिशवीतून घडी घातलेले कॅलेंडरचे कागद काढले. दुधाच्या नोंदींशेजारी बारीक अक्षरात सगळं होतं. "सकाळी कधीच बंद पडत नाही. थांबल्याशिवाय बंद पडत नाही. दोन मिनिटं थांबलो तरी नाही, आणि दोन तास थांबलो तरी नाही. वीस मिनिटं थांबलो की हमखास. मी यांना तेव्हाच म्हटलं, चहाला थांबू नका, गाडी बंद पडणार नाही."

मिस्त्रींनी बाकड्यावरचा पाना उचलून बाजूला ठेवला आणि काकूंना बसायला जागा करून दिली. त्या दिवशी त्या गॅरेजात पुरुषांपैकी कुणालाही बसायला सांगण्यात आलं नाही.

मग त्यांनी व्हॅन पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवली. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मधोमध आला. इंजिन चांगलं तापलं. त्यांनी स्वतःचा स्कॅनर लावला, पण कोडकडे पाहिलंही नाही. कॉम्प्युटरला या क्षणी काय काय दिसतंय त्याची यादी उघडली आणि एका आकड्यावर बोट ठेवलं. इंजिनातल्या पाण्याचं तापमान: 21 अंश.

"भाऊसाहेब, या पाइपला हात लावा."

भाऊसाहेबांनी लावला आणि वीज मंडळात असतानाही काढला नसेल इतक्या वेगाने काढला.

"हात म्हणतो ऐंशीच्या वर, कॉम्प्युटर म्हणतो एकवीस. बाहेर पुण्याचा एप्रिल, आणि हा समजतोय की आपण महाबळेश्वरला आहोत. थंडीत इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं म्हणून हा सढळ हाताने ओततोय. त्याची काय चूक?"

"पण काटा बरोबर दाखवतोय!" भाचा म्हणाला.

"काट्याचा सेन्सर वेगळा, कॉम्प्युटरचा वेगळा. जुन्या बऱ्याच गाड्यांत असंच असतं. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत."

काकूंनी नानांकडे पाहिलं. नाना स्कॅनरकडे पाहू लागले.

आता सगळं स्पष्ट होतं. सकाळी इंजिन खरोखरच थंड असतं, त्यामुळे कॉम्प्युटरचा भ्रम फारसा नडत नाही. तापल्यावर मात्र तो गरम इंजिनाला हिवाळ्याचा खुराक देतो. धावत असताना ते कसंबसं पचतं. थांबून पुन्हा चालू करताना प्लग पेट्रोलने भिजतात. पाऊण तास गेला की पेट्रोल उडून जातं. ऑक्सिजन सेन्सरने धुरात नेमकं हेच हुंगलं होतं आणि खरं सांगितल्याबद्दल त्याला घालवून दिलं होतं.

"म्हणजे टेंपरेचर सेन्सर गेला!" समिती एका सुरात म्हणाली. भाच्याने मोबाइल काढून किंमत बघायला सुरुवातही केली.

"कशावरून?" मिस्त्री म्हणाले.

मग त्यांनी जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो. पाण्याच्या सेन्सरचं गणित उलटं असतं. थंडीत तो विजेला अडवतो, तापला की सोडतो. वीसेक अंशांना त्याचा विरोध सुमारे अडीच हजार ओहम असतो, ऐंशीला तीनशेच्या आसपास. मिस्त्रींनी सेन्सरचा कपलर उपसला. वायर मोकळी, विरोध अमर्याद. स्कॅनरवर आकडा आला उणे 40. व्हॅन महाबळेश्वरहून थेट सियाचिनला पोचली. मग त्यांनी कपलरमधल्या दोन्ही टोकांत तारेचा एक तुकडा अडकवला. आता मधे सेन्सरच नाही, विरोध शून्य. वायरिंग धड असेल तर आकडा शंभराच्या बराच वर उडायला हवा.

आकडा आला 26.

"बघा," मिस्त्री म्हणाले, "सेन्सर माझ्या हातात आहे आणि खोटं अजून चालूच आहे."

सेन्सर त्यांनी मीटरने वेगळा मोजला: तीनशे आणि थोडे वर. निर्दोष. म्हणजे वायरीतच कुठेतरी दोन हजार ओहमचा घोटाळा होता. सीट उचलली, मॅट गुंडाळली, वायरींचा जुडगा बोटांनी चाचपत गेले आणि एका जागी थांबले. काळ्या चिकटपट्टीचं गाठोडं. सोलल्यावर आत दोन तारा नुसत्या पिळून जोडलेल्या, त्यांच्यावर हिरवा गंज.

"गॅस किट बसवलं होतं का कधी?"

नानांनी घसा खाकरला. "बसवलं होतं. मग काढलं. डिकीत सामान मावेना."

"किटला इंजिनाचं तापमान लागतं, म्हणून ही वायर कापून जोड घेतला. किट गेलं, जोड राहिला. चार पावसाळे पाणी प्यायला." मिस्त्रींनी तारा कापून स्वच्छ केल्या, कथिलाने डाग दिला, वर नळी चढवून ती लायटरने आवळली. स्कॅनरवर आकडा आला 84. गरम इंजिन बंद केलं, वीस मिनिटं थांबले, मधल्या वेळात चहाही मागवला, म्हणजे परिस्थिती हुबेहूब सुरूरची. किल्ली फिरवली आणि व्हॅन पहिल्या झटक्यात चालू.

"ही वायर कुठली होती?" भाऊसाहेबांनी मुद्दाम शांतपणे विचारलं.

"सेन्सरची अर्थची वायर."

भाऊसाहेब काहीच बोलले नाहीत. त्यांनी फक्त एकेकाच्या तोंडाकडे सावकाश, पूर्ण वेळ घेऊन पाहिलं. सबंध हयातीत एकदाच सही झालेलं निदान, पण ते झालं. आता पुढची दहा वर्षं सोसायटीत गीझरसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय दुरुस्त होणार नाही, हे आम्हाला तिथेच कळलं.

"किती द्यायचे?" नानांनी पाकीट काढलं.

"दीडशे द्या."

नानांचा चेहरा पडला. बॅटरी, प्लग, ऑक्सिजन सेन्सर, सफाई, असे मिळून काही हजार ज्या आजारावर गेले, तो दीडशे रुपयांत बरा होतो, हे त्यांना सोसेना. बिल फाटकं असलं की दुरुस्तीही फाटकीच वाटते. पाकीट तसंच हातात धरून ते दोन पावलं गेले आणि परत आले.

"मिस्त्री, तो टेंपरेचर सेन्सर बदलूनच टाका."

"नाना, चांगला आहे तो. आत्ता तुमच्यासमोर मोजला."

"असू द्या चांगला. बाकी सगळे बदलले, त्यालाच तेवढा का ठेवायचा?"

मिस्त्रींनी काकूंकडे पाहिलं. इतक्या वेळात विश्वासाने विचारावं असं त्यांना तिथे तेवढंच माणूस दिसलं होतं.

"बदला हो," काकू म्हणाल्या. "नाहीतर वाईपर्यंत हेच ऐकत जायचंय मला."

मिस्त्रींनी नवा सेन्सर बसवला. जुना, निर्दोष सुटलेला, कापडाने पुसून टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकला. ड्रॉवर उघडला तेव्हा दिसलं, आत असे पुष्कळ होते. नानांनी आता समाधानाने भरघोस बिल चुकतं केलं, गादीवर बसले, किल्ली फिरवली. व्हॅन अर्थातच चालू झाली. त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि भाच्याला, भाऊसाहेबांना, मला आणि खुद्द मिस्त्रींना म्हणाले:

"बघा! नव्या सेन्सरने लगेच फरक पडला की नाही?"